कठडा

"आम्ही त्याला लाट म्हणतो," बायको म्हणाली आणि चहाचा कप त्याच्यापुढे ठेवून ओट्याकडे वळली. बोलली ती अगदी सहज. काल दुपारी पुन्हा चक्कर आली होती का, एवढंच त्याने विचारलं होतं, आणि तिचं म्हणणं, चक्कर नव्हे, लाट. चक्कर काय, उन्हात उभं राहिलं की कुणालाही येते. ही येते तेव्हा आधी पायाखालचं ओसरतं आणि मग सगळी खोली अंगावर येते, म्हणून लाट. शब्द चांगला होता, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण कप ओठांशी नेता नेता तो थांबला. आम्ही म्हणजे कोण? मुलगी शिकायला दूर गेल्यापासून या घरात दोनच माणसं होती, आणि त्या दोघांचं मिळून जे काही होतं त्याला आजवर ती दोघं 'आपण' म्हणत आली होती. आपण पडदे बदलू, आपल्याला तिकडे जायला जमणार नाही, आपलं काय ठरलं होतं. त्याचा धंदाच शब्दांचा. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला, डोळे फुटतील इतक्या बारीक अक्षरांचा जो कागद असतो, तो छापण्याआधी तपासायचं काम तो एकोणतीस वर्षं करत होता. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत असतो आणि 'आम्ही' म्हटलं की दाराबाहेर, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. ते कुणालाच सांगावं लागत नाही. चार वर्षांच्या पोरालाही "आम्ही खेळतोय" असं दुसऱ्या पोरांनी म्हटलं की आपल्याला घेतलेलं नाही हे कळतं, आणि ते भोकाड पसरतं. त्याला भोकाड पसरता येत नव्हतं. त्याने चहा प्यायला. चहात साखर होती की नव्हती, हे त्याला कामावर पोचल्यावरही आठवेना.

चार वर्षांपूर्वी हे दुखणं सुरू झालं ते दिव्यांच्या दुकानात. बाहेरच्या खोलीसाठी एक दिवा घ्यायचा होता. छताला पन्नासेक दिवे लटकत होते, सगळे पेटलेले, आणि तिने मान वर केली ती तशीच मागे गेली. पडता पडता तिच्या हाताला त्याची बाही लागली. शिवण खांद्यापासून उसवली, पण ती पडली नाही. दुकानदाराला वाटलं नवरा-बायकोचं भांडण चाललंय. तो "अहो, घरी जाऊन काय ते मिटवा" म्हणाला. त्यावर दोघं पुढे कितीतरी दिवस हसली. मग हसणं संपलं, कारण लाटा थांबेनात. उजव्या कानाच्या आत तोल सांभाळणारं काहीतरी असतं, ते तिचं बिघडलं होतं. ती नकाशे काढणारी बाई. घरं बांधणाऱ्यांच्या कचेरीत बावीस वर्षं बसून, पट्टी न लावता सरळ रेघ मारण्याबद्दल तिचं नाव होतं. तिने एक दिवस सगळ्या पेन्सिली डब्यात घातल्या आणि डबा माळ्यावर ठेवायला त्याच्याकडे दिला. त्याने शिडी घेतली, डबा ठेवला, शिडी जागेवर नेली. तेव्हापासून चालताना त्याचं डावं कोपर अंगापासून चार बोटं लांब राहायला लागलं, ती शेजारी असो नसो. हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. कामावरचा त्याचा जोडीदार मात्र म्हणायचा, "काखेत काय कलिंगड धरलंयस का रे?"

गटाचं सुचवलं ते कानाच्या डॉक्टरांनी. "तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. शनिवारी चार वाजता फोनवर जमतात, एरवी एकमेकांना लिहितात. बोलत जा त्यांच्याशी, बरं वाटेल." ती काही म्हणायच्या आत हा म्हणाला, "मी आहे की." डॉक्टर हसले, बायको हसली नाही, आणि त्याच शनिवारी चार वाजता ती आतल्या खोलीत जाऊन चांगल्या कानात इअरफोनचं बोंडूक घालून बसली. दार लोटून घेतलं, लावलं नाही. लावलं असतं तर बरं झालं असतं. लोटलेल्या दारातून अर्धं ऐकू येतं, आणि अर्धं ऐकू येण्यासारखी दुसरी पीडा नाही. तो बाहेर पेपर उघडून बसायचा. आत ती बोलायची. त्याच्याशी ती 'बरं आहे', 'आज जरा जास्त आहे', 'झोपते' एवढंच बोलायची. आत मात्र वाक्यांमागून वाक्यं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं की पोटात ढवळतं, हे त्याला त्या दारातून कळलं. आंघोळ करताना डोळे मिटायची भीती वाटते, म्हणून साबण डोळ्यांत गेला तरी ती ते उघडे ठेवते, हेही. दिवसाला चार कागद दुष्परिणामांचे वाचणारा माणूस तो, आणि स्वतःच्या घरातला कागद ती परक्या लोकांना वाचून दाखवत होती. त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते वाईट नव्हे, हेवा. सरळसरळ हेवा, दुसऱ्याच्या ताटातलं बघून मुलाला वाटतो तसला.

आणि त्यात तो कठडा निघाला. गटात सगळ्यांना टोपणनावं होती, हे तिनेच एकदा सांगितलं होतं. एकजण गोगलगाय, एकजण भिंगरी, गट चालवणाऱ्या निवृत्त बाई तळमजला. जिने झेपेनात म्हणून त्यांनी घर बदललं होतं. बायको ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला जो दोरा सोडतो तो. हे सांगताना ती लाजली होती. मग एका शनिवारी तो पेपर उलटतोय तोच आतून आवाज आला, "कठडा आहे म्हणून मी आहे, नाहीतर कधीच आडवी झाले असते." त्याने पान उलटायचं थांबवलं. "नाही गं, त्याला कुठे सांगणार. कळलं तर सरकायचा." आणि ती हसली. ते हसू दिव्यांच्या दुकानानंतरचं होतं, हसू संपायच्या आधीचं. त्याला वाटत होतं ते कानाबरोबरच गेलं. गेलं नव्हतं, दुसरीकडे राहायला गेलं होतं.

मग काय विचारता. कठड्याला त्याने हाडामासाचा करून टाकला. उंच असणार. बोलायला कमी, आवाज खालचा. बायको वारलेली असणार, अशांना वेळ असतो. कानशिलावर केस पिकलेले, पण ते शोभत असणार. स्वतःला लाटा येत असूनही दुसऱ्यांना आधार देणारा, म्हणून कठडा. नाव बाकी भारी निवडलंय लेकाने. आणि लाजाळू, सरकणारा, म्हणजे बायका आणखीच जीव टाकणार. दाढी करताना तो आरशात स्वतःला बघायचा आणि त्याला दिसायचा तो कठडाच. जिन्यातून उतरताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावरचा कठडा कित्येक दिवस ढिला झाला होता. तो हलवून बघताना एका सकाळी त्याने त्याला गुद्दा मारला, आणि समोरच्या दारातल्या म्हातारीने विचारलं, "बसला का घट्ट?" तो हो म्हणाला.

कामावर दोघं मिळून कागद तपासायचे. जोडीदार मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, विरामचिन्हांसकट, आणि हा छापलेल्यावर बोट फिरवायचा. "भोवळ स्वल्पविराम मळमळ स्वल्पविराम क्वचित कानात गुणगुण अर्धविराम अशा वेळी डॉक्टरांना कळवावे पूर्णविराम." वर्षानुवर्षं हेच गाणं. त्या आठवड्यात त्याच्या बोटाखालून 'जेवणानंतर' ऐवजी 'जेवणांतर' निसटलं, आणि ते जोडीदाराने पकडलं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. "घरी ठीक आहे ना?" जोडीदाराने चष्मा वर करून विचारलं. "ठीक आहे." "मग कलिंगड का वाढलंय?" त्याने कोपर आत घेतलं. ते पुन्हा बाहेर आलं.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता, त्याने गटात जायचा अर्ज भरला. चोरी करायची तर नीट करावी, म्हणून सगळी लक्षणं कागदावरून उतरवली. कोणता कान? उजवा. किती दिवस? चार वर्षं. टोपणनाव? जोडीदाराचं गाणं कानात होतंच, त्याने लिहिलं, गुणगुण. गट फक्त भोवळ येणाऱ्यांसाठी आहे, बघ्यांसाठी नाही, हे वर ठळक लिहिलेलं होतं. ते त्याने वाचलं. वाचणं हेच त्याचं काम. संध्याकाळच्या आत तीस जणांनी त्याला या म्हटलं. 'आजचा दिवस कसा गेला?' 'एकटे आहात का घरी?' 'खाल्लंत का काही?' तो तपासणीच्या मेजाशी बसून हे वाचत होता आणि पहिला प्रश्न त्याने पुन्हा वाचला. चार वर्षांत आजचा दिवस कसा गेला हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे, तिचा कसा गेला. त्याने खोटंच लिहिलं, 'जरा जड गेला,' आणि लिहून झाल्यावर ते खोटं आहे की काय याची त्याला खात्री वाटेना. आणि मग ओळंबाने लिहिलं. बारा ओळी. घाबरू नका, सुरुवातीला मलाही असंच वाटायचं, नजर एका जागी ठेवा, दाराची चौकट बघा, चौकट हलत नाही. इतक्या मायेने तिने त्याला कित्येक वर्षांत काही सांगितलं नव्हतं. घरी गेल्यावर तिने विचारलं, "भाजी गरम करू?" आणि तो त्या गुणगुण नावाच्या भामट्यावर जळफळत बसला.

कठडा मात्र दिसेना. सदस्यांच्या यादीत नाही, शनिवारी हजेरी लावणाऱ्यांत नाही. शेवटी तिसऱ्या दिवशी, पुन्हा जेवणाच्या सुट्टीत, त्याने सगळ्या लिखाणात तो शब्द शोधला. पन्नासावर ठिकाणी निघाला. 'आज माझा कठडा चिडलाय.' 'माझ्या कठड्याला सुट्टी नाही मिळाली.' 'कठडा झोपलाय, मी भिंतीभिंतीने चाललेय.' त्याचं डोकं सुन्न झालं. एकीचा नव्हे, हा तर निम्म्या गटाचा. आणि तेवढ्यात गोगलगायने नवीन लिहिलं, तो गोगलगाय म्हणजे कुणी बँकेतला साहेब होता, 'माझा कठडा बाजारात गेलीय, तोवर पलंगावरून उठत नाही.' आता इथे शहाण्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला असता. पण एकोणतीस वर्षांच्या सवयीला डोकं नसतं, बोट असतं. कठडा गेलीय? त्याच्या बोटाने आपसूक टंकलं, 'कठडा पुल्लिंगी आहे. "गेलाय" हवे,' आणि पाठवून दिलं.

तीस जण हसले. हसणारे चेहरे एकाखाली एक येत राहिले. मग तळमजलाबाईंनी समजावून सांगितलं. 'अहो गुणगुण, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? गोगलगायचा कठडा म्हणजे त्यांची बायको. घरात ज्याला धरून आपण चालतो ते माणूस म्हणजे आपला कठडा. बाई असो, बुवा असो. मूळ शब्द ओळंबाने काढला, तिच्या नवऱ्यावरून. तुमचा कठडा कोण?'

त्याने डावं कोपर बघितलं. ते मेजाच्या कडेबाहेर चार बोटं आलेलं होतं. खाली ओळ चमकायला लागली, ओळंबा लिहीत आहे. थांबली. पुन्हा, ओळंबा लिहीत आहे. पुन्हा थांबली. छापखान्यातली यंत्रं जेवणाच्या सुट्टीत बंद असतात, त्यामुळे फार शांत होतं. मग आलं, दोनच ओळी. 'माझा कठडा फार शुद्ध लिहितो. साध्या निरोपातही अर्धविराम देतो.'

बाकीच्यांना त्यातलं काही कळलं नाही. त्याला कळलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या. पळून जावं तसं तो मागे मागे जुन्या लिखाणात शिरला, आणि तिथे ती होती, दोन वर्षं लिहीत आलेली. 'माझा कठडा बोलत नाही. कठडे बोलत नाहीत, पण हात मागे नेला की तिथे असतात.' 'मला वाटतं मी त्याच्यापुढे रडले तर तो हलेल. हलला तर मी कुणाला धरू?' आणि एका ठिकाणी, गेल्या वर्षीचं: 'खरं सांगू, मला त्याचा हेवा वाटतो. तो सरळ चालतो. आणि चालताना त्याला ते कळतसुद्धा नाही.' त्याने फोन पालथा घातला. जोडीदार डबा धुऊन आला होता. इतक्या दिवसांचं साठलेलं त्याने जोडीदाराला चार वाक्यांत सांगून टाकलं. जोडीदार हसला नाही. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," तो म्हणाला. "मी तुला रोज सांगत होतो, काखेत काहीतरी आहे म्हणून. आता घरी जा."

घरी ती बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसली होती, पाय जमिनीला टेकवून, नजर दाराच्या चौकटीवर. म्हणजे तो ज्या चौकटीत उभा होता तिच्यावर. लाट येऊन गेली होती किंवा येत होती. ती उठली. तो पुढे झाला, आपलं कोपर तिच्यापुढे धरलं, जसं नेहमी धरायचा, न बघता, न बोलता. ती कोपराच्या शेजारून गेली. हात भिंतीला लावून, बोटांनी चाचपत, एक पाऊल, मग एक पाऊल, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आठ पावलं. कोपर तसंच हवेत राहिलं. ते खाली कसं घ्यायचं हे त्याला समजेना.

"मला वाटलं, कुणीतरी दुसरा आहे," तो म्हणाला.

"मला माहीत आहे काय वाटलं ते."

"तू मला का नाही सांगितलंस यातलं काही?"

"तुला सांगितलं की तू शिडी आणतोस," ती म्हणाली. "मला शिडी नको असते दर वेळी." मग दाराला टेकून, श्वास घेऊन, "ती माणसं लाटेत असताना लिहितात रे. अंगावर उलटी झालेली असते तेव्हा लिहितात. दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही म्हणून तिथे. आणि तू त्यांचं व्याकरण तपासलंस."

"आता काय करायचं आपण?" त्याने विचारलं.

"आपण नाही," ती म्हणाली. "आम्ही ठरवू. शनिवारी."

शनिवारपर्यंतचे तीन दिवस ती भिंतीभिंतीने चालली. भिंतीवर तिच्या हाताच्या उंचीला एक मळकट रेघ उमटली, पट्टी न लावता मारलेली, सरळ. चार वाजायला पाच मिनिटं असताना ती म्हणाली, "बाहेर जाशील का?" तो चपला घालून जिन्यात गेला आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, त्या ढिल्या कठड्याशी पायरीवर बसला. वरून काही ऐकू येत नव्हतं. अर्धंही नाही. ती आत त्याच्याबद्दल बोलत असणार, सगळं सांगत असणार, शिडीचं, अर्धविरामाचं, आणि तीस जण ऐकत असणार, आणि त्याला त्या तिसांचा अजूनही हेवा वाटत होता, त्याची त्याला लाज वाटली, पण हेवा गेला नाही. गट तिला काढील का? माझ्यापायी? तसं झालं तर तिला ते बारा ओळींचं बोलणं कुठे मिळणार? घरात? घरात आहे कोण? त्याने कठडा घट्ट धरला. तो हलला. चार वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, की आपण कुणाला धरतो.

तासाभराने तीच खाली आली, भिंतीच्या बाजूने, आणि दोन पायऱ्या वर बसली.

"काय ठरलं?"

"गुणगुणला काढला. एकमताने."

"तू पण?"

"हात आधी मी वर केला." तिने भिंतीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "मला ठेवलंय."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि ते मनापासून होतं.

"तळमजलाबाई म्हणाल्या, चोरी केली ते वाईटच, पण बिचाऱ्याला धरायला कुणी नसेल. गोगलगायची बायकोही तेच म्हणाली म्हणे, मलाही कुणी विचारत नाही. तर कठड्यांचा वेगळा गट निघतोय. बुधवारी संध्याकाळी. तुझं नाव दिलंय मी."

"मला कशाला? तू आहेस की."

तिने त्याच्याकडे बघितलं. "मी आहे," ती म्हणाली, "पण एवढं मला नाही रे पेलायचं." आणि वर निघून गेली. भिंतीभिंतीनेच.

तो बुधवारी बसला, बायकोच्या डोक्याला ताप नको म्हणून. सात जण होते. पहिल्या बुधवारी तो एक अक्षर बोलला नाही. दुसऱ्या बुधवारी खुंटी नावाची एक बाई म्हणाली, की नवरा लटकून लटकून माझा खांदा गेलाय आणि दुखतो म्हणायची लाज वाटते, कारण दुखणं त्याचं आहे. तेव्हा यालाही स्वतःचा खांदा आठवला. त्याने दिव्यांच्या दुकानापासून सगळं सांगितलं. लोकांनी मधे मधे हं म्हटलं. दुसऱ्या दिवशी खुंटीने विचारलं, 'आजचा दिवस कसा गेला?' आणि त्याने खरं ते लिहिलं. विरामचिन्हं न देता.

महिन्याभराने एका सकाळी चहाच्या वेळी तो फोनकडे बघून हसला. बायको ओट्याशी होती. त्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. तिची तब्येत चांगली होती, रात्रभर नीट झोपली होती, वळतानाही ओट्याला हात लावत नव्हती. "काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. खुंटी."

"खुंटी कोण?"

"आहे एक. आमच्यातली."

शब्द तोंडातून सुटला आणि मग त्याला ऐकू आला. तपासायला वेळच मिळाला नाही. ओट्याशी झाकणाचा आवाज थांबला.

"आमच्यातली," ती म्हणाली, जोडीदार मूळ प्रत वाचतो तशी, आवाजात काहीच न मिसळता. "काय लिहिलंय एवढं हसण्यासारखं?"

"असंच गं. तुला नाही कळायचं ते."

तिने कप विसळले, पालथे घातले, एक पालथा घातलेला पुन्हा सुलटा केला. दोघं निघाली. त्याने कुलूप लावलं आणि जिन्याच्या तोंडाशी सवयीने कोपर चार बोटं बाहेर काढलं, आशेने नव्हे. महिनाभर ती त्याच्या शेजारून भिंत धरून उतरली होती. पहिली पायरी ती एकटीच उतरली, सरळ, पाय कुठेही न अडखळता. लाट नव्हती, हे तिच्या चालीवरून त्याला स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या पायरीवर तिने त्याचं कोपर धरलं, आणि खांद्याची शिवण करकरेल इतकं घट्ट धरलं.